सिनेमातला धवला

सिनेमावाल्यांनी चाल उचलली म्हणून तुम्ही तावातावाने भांडताय, पण माझी फजिती ऐका. पन्नास-बावन्न साली डोंबिवलीजवळच्या खेड्यात माझ्या आगरी मित्राच्या बहिणीची हळद होती. त्यांच्याकडे धवलारणीने धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय लग्नाचा एकही विधी होत नाही. मित्राची आजीच धवलारीण. तिने तोंड उघडलं आणि मी उडालोच. चाल तीच, शब्दही जवळजवळ तेच, तेव्हा घरोघर वाजणारं सिनेमातलं गाणं! मी पडलो शहाणा. भर मांडवात म्हणालो, "आजी, हळदीला सिनेमाचं गाणं?"

आजीने गाणं थांबवलं. बायका माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघायला लागल्या. मग मी पुरावा म्हणून मांडवात लग्नासाठी भाड्याने आणलेल्या फोनोवर ती रेकॉर्डच लावली. आजी डोळे मिटून ऐकत राहिली. तीन मिनिटांत रेकॉर्ड थांबली.

"थांबली का रं ती?"

"संपलं गाणं, आजी."

"संपलं कसं? नवरीला आजून हलद लागायची हाय!" मग हळहळली, "गोड गाते रं पोर. पन बिचारीला फुडचं कुनी शिकवलंच नाय."

आणि हळदीचं ताट पुढे ओढून, रेकॉर्ड जिथे थांबली होती तिथूनच आजीने पुढचं कडवं धरलं.