घोरणं थांबलं की

डॉक्टरांच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक काकू बसल्या होत्या. त्यांचे यजमान खुर्चीतच घोरत होते. पलीकडे वडिलांना घेऊन आलेली एक मुलगी. तिने काकूंना विचारलं,

"काकांनाही पार्किन्सन्सच का?"

"हो गं, सहावं वर्ष. हल्ली दिवसभर पेंगतात. घास तोंडात आणि डोळे मिटलेले."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"मागच्या खेपेला सांगितलं. त्यांनी विचारलं, रात्री झोप कशी लागते? मी म्हटलं, अगदी गाढ."

"घोरतात का?"

"भिंती हादरतात! पण मधेच एकदम गप्प होतात. तेवढ्यात मी डोळा लावून घेते."

"गप्प होतात तेव्हा श्वास चालू असतो?"

"असेलच की."

"पाहिलंयत कधी? आमच्या बाबांचा थांबायचा, काकू. मग दचकून, धापा टाकत उठायचे. आम्ही म्हणायचो, स्वप्न पडलं असेल. रात्रभर यंत्र लावून झोपेची तपासणी केली, तेव्हा कळलं, झोपेत श्वास अडकतो म्हणून दिवसा पेंगतात."

"हेही दचकतात. मी आपली थोपटते. म्हणते, झोपा, काही नाही झालं."

"आज हे सगळं सांगा डॉक्टरांना."

"काय सांगू? इतकी वर्षं मी ते घोरणं थांबायची वाट बघत पडून असायचे, हे?"

काकांचं घोरणं थांबलं.

"अहो."

काकूंनी त्यांचा खांदा धरला.

"अहो, ऐकलंत का? घोरा ना."