काचेचा खालचा अर्धा भाग

"हॅलो?"

फोन धाकट्या बहिणीचा होता, आणि तो कशासाठी आलाय ते ताईने उचलण्याआधीच ओळखलं. काल धाकटीकडे ती जेवून जरा आडवी झाली होती, तेवढ्यात जावईबापूंनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, कुणी न सांगता तिची गाडी धुवायला काढली होती. जावईबापू उगाच हात ओले करणाऱ्यांतले नव्हेत. येत्या रविवारी त्यांना नव्या साहेबांकडे जायचं होतं, आणि साहेबांच्या दारात स्कूटरवरून उतरण्यापेक्षा गाडीतून उतरलेलं केव्हाही बरं. दोन बादल्या पाणी घालून एक दिवस गाडी मिळवायची, असा तो सरळ सौदा. ताईलाही तो मान्य होता. आज हॉस्पिटलच्या आवारात पोहोचेपर्यंत.

"बोल... नाही, उठलेय केव्हाची. कामावर आलेय... हो, पोहोचले. कशी पोहोचले ते माझं मला माहीत... रविवारचं मग बघू. आधी मला सांग, काल गाडी कशाने धुतली?... पाण्याने सगळेच धुतात गं. काच कशाने घासली ते विचारतेय... पुढची. पुढची काच."

गाडी आवाराच्या कोपऱ्यात उभी होती. मावळतीचं ऊन समोरून काचेवर पडलं होतं आणि त्या उन्हात काचेवर वर्तुळंच वर्तुळं उमटली होती.

"चमकतेय? अगं, चमकतेय म्हणून तर बोंब आहे. चरे पडलेत काचेला. एक-दोन नाहीत, सगळी काच विणल्यासारखी दिसतेय... काल कसं दिसेल? काल आभाळ आलेलं होतं, आणि रात्री सुट्टी, गाडी काढलीच नाही. आज ऊन समोर आलं आणि मला रस्ताच दिसेना... मी वाढवून सांगतेय? बरं. मग ऐक. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी घालायला गेले. समोरून एक डॉक्टर येत होते, दिवे लावून. झालं, सगळी काच पांढरी. खांबाला गाडी लागता लागता राहिली. आता बाहेर उन्हात उभी आहे... मी ठीक आहे. खांबही ठीक आहे."

तिने थुंकी लावून बोट घासून पाहिलं. चरा थुंकीने जात नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तरी घासून पाहिलं.

"...दिवसा चालव काय? माझं काम दिवसाचं आहे का? संध्याकाळची पाळी सुटली की नर्सना घरी सोडायचं, हेच माझं काम ना? चौघीजणी मागेपुढे डोळे मिटून बसतात, ताई आहे म्हणून. त्या डोळे मिटतात कारण माझे उघडे असतात. आणि आता माझ्या डोळ्यांपुढे हे... नाही, आज रात्री ही गाडी रस्त्यावर काढणार नाही मी... हो ना, तोच प्रश्न आहे. एक रात्र चुकली की इथले साहेब फेरी दुसऱ्याला देतात. आणि दुसरा कोण, तर तो मिशीवाला. बसलाय बघ समोर, बॉनेटला टेकून, मिशीला पीळ देत. माझी गाडी कधी एकदा बंद पडते याची वाट बघून त्याची मिशी पिकली."

मिशीवाल्याने तिकडून हात हलवला. ताईनेही हलवला, शेजारधर्म सुटत नाही.

"कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणू नकोस. मी त्यांना उभं करून दाखवलं होतं, तू पण होतीस. आधी नुसतं पाणी सोडायचं, हात लावायचा नाही. धूळ आपली आपण वाहून गेली पाहिजे. मग मऊ फडकं, ओलं. फडकं जमिनीवर पडलं तर ते फडकं मेलं, काचेला परत लावायचं नाही, त्यात खडे बसतात. आणि हात सरळ. बाहेरून उभा, आतून आडवा, म्हणजे पुसल्याची रेघ राहिली तर ती बाहेर आहे की आत ते कळतं... हो, तेव्हा मान हलवत होते, 'कमाल आहे ताई' म्हणत होते. आणि केलं काय? गोल गोल. गोल गोल पातेलं घासतात, काच नाही... मला काय माहीत कशाने, घासणीने असेल. वर भांड्यांची पावडर असेल. वायपरच्या खाली पांढरं साचलंय, वास घेतला मी. लिंबाचा वास येतोय, कळलं?"

पलीकडे काहीतरी समजावणं चाललं असावं. ताईने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"...अगं ऐक ना. ऐक. बाजूच्या काचा बघतेय मी आत्ता. डाव्या, उजव्या, मागची. एक चरा नाही. आरशासारख्या आहेत. म्हणजे येतं त्यांना. येत असून पुढच्या काचेवर सूड काढला... बरं, तीसुद्धा पुरती नाही. खालचा अर्धा भाग खरवडलाय, वर कोरा. आळस बघ. एवढा ताडमाड उंच माणूस, दिव्याचा बल्ब स्टुलाशिवाय बदलतो, आणि त्याचा हात काचेच्या वरच्या काठापर्यंत पोहोचला नाही?... हॅलो? ...आहेस का?"

ऊन काचेवरून जरा सरकलं. ताईने पुन्हा काचेकडे पाहिलं. वर्तुळं तिच्या खांद्याच्याही खाली संपत होती.

"...हळू का बोलतेयस? ...कोण झोपलंय? ...आई?"

"...आईने?"

ताई बॉनेटवर टेकली. गरम होतं, तरी उठली नाही.

"...कधी पण? ...मी झोपलेली असताना... हं... ते बाजूच्या काचा संपवून पुढे आले... हं... ज्याच्या घरी राहते त्याला बादली उचलायला लावायची, तिला बरं वाटेना. म्हणून चहाच्या नावाखाली आत पिटाळलं... आणि हे बाहेर येईपर्यंत... अगं बाई... आणि हे काल काही बोलले नाहीत? मी मघापासून इतकं बोलतेय तरी तू गप्प?... त्यांनीच सांगितलं होतं? माझ्यावर घाल म्हणून?"

"...दे. दे त्यांना फोन... हॅलो? जावईबापू... नाही, तुम्ही नका बोलू, मी बोलते. मघाशी मी जे काही... तुम्ही ऐकलंत?... सगळं? ...आळशीसुद्धा? ...ताडमाड काही शिवी नव्हे हो, तुम्ही आहातच... हो... नाही, नाही सांगणार आईला. तुम्ही काल गप्प बसलात, मी आज बसते... रविवारी ना? न्या. तोवर नवी काच बसलेली असेल. न्या हो, संकोच कसला. साहेबांना सांगा तुमचीच आहे म्हणून... का नाही? बरं, मग मेहुणीची आहे सांगा."

तेवढ्यात तिने कान टवकारले.

"...कोण उठलं? ...नको, तिला नका देऊ, मी नंतर... हॅलो, आई."

इथून पुढे ताईचा आवाज असा बदलला, की मिशीवाल्यानेही मान वळवून पाहिलं.

"हो गं, जेवले... जेवले म्हटलं ना... काच? हो. बघितली... छान झालीय... खूपच चमकतेय. लांबून दिसते... अगं, पण तू कशाला त्रास घेतलास? तुझा खांदा दुखतो ना... जात नव्हते? पाण्याचे पांढरे डाग?... हं... मग घासणी घेतलीस... हं... दिसायला पाहिजे, हो ना. रात्रीची जाते म्हणून... हं... काय म्हणालीस?"

ताईने डोळे मिटून घेतले.

"...मी बसते त्या बाजूला जास्त घासलंस... हो. कळलं मला. तिथे जास्त चमकतेय... नाही, आवाजाला काही झालं नाही, इथे वारा आहे... दिसतं गं. सगळं दिसतं, अगदी लांबपर्यंत... वरचं राहिलं? राहू दे... स्टूल नको. आई, स्टूलबिल काही घ्यायचं नाही. वरून कोण येणारेय समोर? विमान?... हसतेस काय... बाकीच्या काचा? बाकीच्या जावईबापूंनी केल्यात ना. त्यांचा हात हलका आहे, पण त्यांना शिकू दे. सगळं तूच केलंस तर त्यांना कधी येणार?... हो, मी सांगते त्यांना जोर लावायला... सांगते... आणि ती घासणी झिजली असेल, टाकून दे... नवी मी आणते... मोठी आणते... हो... निघते आता. नर्सची पाळी सुटायच्या आत एक काम आहे. ठेव... तू ठेव... बरं, मी ठेवते."

फोन पर्समध्ये गेला. ताईने ताळेबंद मांडून पाहिला. जावईबापूंनी न केलेल्या कामाची बोलणी खाल्ली, पण त्यांना रविवारची गाडी मिळाली. आईने केलेल्या कामाची शाबासकी घेतली, वर मोठी घासणी. मिशीवाल्याला जागचं न हलता आजची फेरी मिळणार होती, आणि ती एकदा चाखल्यावर उद्याचीही तो मागणार नाही असं नव्हतं. उरलेलं सगळं ताईच्या नावावर. ते तिने वाद न घालता घेतलं; आणि मिशीवाल्याकडे जाण्याआधी, चालकाच्या जागेसमोर जिथे सगळ्यात जास्त चरे होते, तिथून एकदा तळहात फिरवला. बाहेरून, उभा.