जाऊन-येऊन एक दिवस

...आणि हे सगळं त्या स्टेशनामुळे होतं, तुम्हाला सांगतो! बोलोन्यात राहणाऱ्या माणसाचं हे जन्माचं दुखणं आहे. जिकडे बघावं तिकडे गाडी जातेय. फेराराला जा, मोदेनाला जा, रावेन्नाला जा, पार्मा आहे, मांतोवा आहे, समुद्र हवा असेल तर रिमिनी आहे, आणि सगळं कसं, जाऊन-येऊन एक दिवस! सकाळी घरची कॉफी पिऊन निघा, रात्री घरच्या सुपाला हजर. आता मला सांगा, ज्याच्या गावातून एकच रस्ता बाहेर जातो तो माणूस सुखी की नाही? तो उठतो आणि त्या रस्त्याला लागतो. आमच्याकडे माणसं उठतात आणि परत बसतात. कुठं जायचं ते ठरवत.

माझ्या मेहुण्याचंच घ्या. लेआर्को. माझी बायको इओनेस, तिचा थोरला भाऊ. सगळा जन्म पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात गेला. यंत्रापुढे उभा राहिला की वाघ, पण घरात पाऊल टाकलं की याच्या तोंडात दोनच शब्द. "तू ठरव." भिंतींना रंग कुठला? तू ठरव. मुलीचं नाव काय ठेवायचं? तू ठरव. आणि कुणाला म्हणायचा? आर्जियाला, बायकोला. ती बिचारी दर गुरुवारी भांडी पुसता पुसता विचारायची, रविवारी कुठं जाऊ या? हा वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचा, "तू ठरव." मग ती ठरवायची, तिकिटं काढायची, याच्या शर्टाला इस्त्री करायची, पाव-हॅम बांधून घ्यायची आणि याला घेऊन जायची.

बरं, नेलं तर गप्प राहावं ना माणसानं? ते नाही! रावेन्नाला नेला तर म्हणे मान दुखते, चर्चमधली सगळी चित्रं छतावरच का काढून ठेवलीत. पार्म्याला हॅम खारट. फेराराला सगळे सायकलवर, चालणाऱ्या माणसाला किंमत नाही. एकदा मांतोव्यात आर्जियाच्या बुटाची टाच तुटली, ती अनवाणी स्टेशनापर्यंत हसत हसत चालली, आणि हा शेजारून सांगतोय की घरी बसलो असतो तर टाच शाबूत राहिली असती! मी आणि इओनेसही होतो बरोबर. आर्जिया त्याच्या बाहीवरची धूळ झटकत म्हणाली, पुढच्या वेळी बसायला जास्त जागा असतील असं गाव बघू हं. चाळीस-बेचाळीस वर्षं हे असं चाललं. जाऊन-येऊन एक दिवस.

जानेवारीत ती गेली. खोकला म्हणून इस्पितळात नेली, दोन आठवड्यांत संपलं सगळं.

त्यानंतर लेआर्को स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला तो बसलाच. इओनेस रोज दुपारी त्याच्याकडे जायची. एक दिवस तिनं सहज विचारलं, सुपात भात टाकू की शेवया? हा म्हणाला, "तू ठरव." म्हणाला, आणि आपणच ऐकलं त्यानं ते. मग भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. इओनेसनं दोन्ही टाकलं सुपात. त्यानंही खाल्लं.

मे महिन्यात त्याची मुलगी आली, लोरेत्ता. तोरिनोला शाळेत शिकवते, त्यामुळे बापाशीही फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी बोलते. पण मनानं चांगली. तिनं सांगून टाकलं, बाबा, पुढच्या रविवारी आपण बाहेर जायचं, कुठंही, पण जागा तुम्ही सांगायची. मी सांगणार नाही, आत्या सांगणार नाही. तुम्ही.

झालं! तुम्हाला सांगतो, ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर माणसाचं तोंड होतं ना, तसं याचं तोंड झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कमानीखालच्या बारमध्ये येऊन उभा. कॉफी समोर, साखर घालायचं भान नाही. मला म्हणतो, ओरियानो, लोक कसं ठरवतात रे?

आता बारमध्ये असला प्रश्न विचारायचा असतो का? वास्को, तो बारवाला, कप विसळता विसळता सुरू झाला, "मोदेनाला जा, पण तिथं तोर्तेल्लिनी मागवू नकोस बाबा, ती खावी बोलोन्यातच, आपल्या गावाचा अपमान होतो!" लेआर्को म्हणाला, मोदेना झालंय, आर्जियाबरोबर. मग कोपऱ्यातली औषधवाली बाई म्हणाली, पार्मा. तेही झालंय. मांतोवा? लेआर्कोनं मान हलवली आणि खाली तिच्या बुटांकडे बघत राहिला. ती बिचारी पाय खुर्चीखाली घेऊन बसली, तिला वाटलं आपलंच काही चुकलं!

आठवडाभर हेच. म्हणजे बघा, सगळ्या मुलखात याला एक गाव सापडेना, जिथं ती नव्हती. कुठल्या चौकात तिनं आइस्क्रीम सांडलेलं, कुठल्या चर्चमध्ये याला झोप लागली म्हणून ती तासभर शेजारी बसून राहिलेली. लोरेत्ता फोनवर विचारायची, ठरलं का? हा म्हणायचा, बघतोय. आणि शनिवार उजाडला. मी आपला कंटाळून, अगदी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, कोमाक्यो?

लेआर्को थांबला. म्हणाला, "तिथं नाही गेलो कधी."

का नाही गेला? तर जेव्हा जेव्हा कुणी कोमाक्योचं नाव काढलं तेव्हा आर्जियाच म्हणायची, तिथं काय आहे बघायला, पाणी आणि डास. आणि ठरवणारी तीच. मग कोण कशाला जातंय! "चला," लेआर्को म्हणाला, "कोमाक्यो." मला तर वाटलं वास्को आता घंटा वाजवतो की काय. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवलं होतं.

गाडी माझी, चालवणार मी. लेआर्को पुढं, मांडीवर टोपी. लोरेत्ता मागं. इओनेसचा गुडघा धरलेला, ती घरी. आभाळ भरून आलं होतं म्हणून लोरेत्तानं आईचा रेनकोट घातला होता, विटकरी रंगाचा, मोठाल्या बटणांचा. जिना उतरताना लेआर्कोनं तो बघितला, आणि मग सबंध वाटेत एकदाही मागं वळून बघितलं नाही.

कोमाक्योला गाडी गावाबाहेर लावावी लागली. लेआर्कोनं तोंड उघडलं, "एवढ्या लांब..." आणि मिटलं. ते वाक्य ऐकून 'पुढच्या वेळी जवळ लावू हं' म्हणणारं माणूसच नव्हतं ना. मग आम्ही आपले कालव्याच्या काठानं चाललो. पाणी हिरवं, हलत नव्हतं. घरांच्या दारांत कुणी मासे साफ करतंय, कुणी बायकांशी बोलतंय, पुलाच्या पायऱ्यांवर दोन म्हातारे नुसते बसलेत. लेआर्को पूल चढला, वर उभा राहिला, चारी बाजूंना बघितलं. मी वाट बघतोय, आता पायऱ्यांबद्दल काही बोलेल, वासाबद्दल बोलेल. हा म्हणाला, "बरं आहे इथं." आणि जरा वेळानं म्हणाला, "आर्जियाला आणायला हवं होतं."

लोरेत्तानं नाक पुसलं. मी म्हणालो, जेवायला चला.

कालव्यावरच एक खाणावळ होती. चार टेबलं आत, दोन बाहेर. आम्ही आत बसलो. मालकीण आली, झेलिंदा, बाहेरून हाक मारतात त्यावरून नाव कळलं. धिप्पाड बाई, एका हातात पाव, एका हातात वाइनची बाटली. टेबलापाशी आली आणि लोरेत्ताच्या खुर्चीवर टाकलेल्या रेनकोटाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "हा कोट आर्जियाबाईंचा ना? त्याचं हे बटण मीच लावून दिलंय. तुम्ही मुलगी? यंदा नाही आल्या त्या?"

तुम्हाला काय सांगू... पाण्यात दगड पडावा आणि आवाजच येऊ नये, तसं झालं आम्हा तिघांचं.

लोरेत्तानं सांगितलं तिला, हळूच, जानेवारीत गेली म्हणून. झेलिंदानं पाव खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि तिचा हात धरून बसली. मग तिच्याकडून एकेक कळत गेलं. दर वर्षी मे महिन्यात आर्जिया फेराराला चुलत बहिणीकडे जायची, एक दिवस, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. लेआर्को कधी बरोबर गेला नाही, कारण बहीण फार बोलते. आणि आर्जियाही बहिणीकडे जात नव्हती! फेराराला उतरून बस धरायची आणि इथं यायची. त्या तिकडच्या खिडकीपाशी बसायची, भाजलेली वाम मागवायची, दोन तास पाण्याकडे बघायची. मग गावात एक चक्कर, आणि संध्याकाळच्या बसनं परत.

लेआर्को इतका वेळ काटा-चमचा सरळ करत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "बरोबर कोण असायचं?"

"कोणी नाही," झेलिंदा म्हणाली. "एकट्या."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मला विचाराल तर बरोबर कुणी पुरुष असता ना, तर सोपं गेलं असतं त्याला. निदान चिडायला कुणीतरी मिळालं असतं. कोणी नाही म्हटल्यावर माणूस काय करणार?

मग झेलिंदानं त्याला विचारलं, आपण कोण? आणि लेआर्को म्हणाला, "मी ड्रायव्हर."

आता बोला! मी ज्याच्या खिशात गाडीच्या किल्ल्या आहेत तो तोंड उघडं टाकून बसलोय, लोरेत्ता बापाकडे बघतेय. आणि झेलिंदानं काय केलं? "मग तुम्हाला वाइन नको," असं म्हणून त्याच्या पुढचा पेला उचलला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मला तर पिता येत नाही, परत गाडी मलाच चालवायची! तीन माणसं, भरलेली बाटली, आणि कुणी हात लावायला तयार नाही.

लेआर्कोनंच पुढं विचारलं. ड्रायव्हरच्या आवाजात विचारलं, अगदी उगाच आपलं वेळ घालवायला विचारावं तसं. "नवऱ्याला का आणत नव्हत्या त्या?"

"मीही विचारलं होतं की," झेलिंदा म्हणाली. "त्या म्हणाल्या, नवरा चांगला आहे हो माझा. मारत नाही, पीत नाही. पण त्याच्याबरोबर कुठं गेलं ना, की त्याला बरं वाटतंय की नाही हे बघण्यातच माझा दिवस जातो. वर्षातून एक दिवस मला बरं वाटतंय का ते बघते."

वाम आली. लेआर्कोला वाम आवडत नाही, तेलकट लागते म्हणायचा. सगळी खाल्ली त्यानं. पावानं ताटली पुसून खाल्ली. जेवण झाल्यावर उठून त्या खिडकीपाशी गेला. खुर्चीत बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

निघताना झेलिंदानं लोरेत्ताला छातीशी धरलं, रडली बाई. पाऊस भुरभुरत होता, म्हणून 'म्हाताऱ्या ड्रायव्हरला कशाला भिजवायचं' असं म्हणत मीच धावत जाऊन गाडी खाणावळीजवळच्या रस्त्यापर्यंत आणली, तर झेलिंदा छत्री घेऊन पोचवायला तिथवर आली, आणि लेआर्कोला म्हणाली, जपून न्या हं पोरीला. आणि जागची हलेना! उभी राहून बघत राहिली. आता ड्रायव्हर म्हटल्यावर काय करणार? मी उतरलो, पलीकडून जाऊन बसलो. लेआर्को स्टिअरिंगवर बसला. तुम्हाला सांगतो, मोतीबिंदू झाल्यापासून त्या माणसानं गाडीला हात लावला नव्हता. पहिल्या झटक्याला माझं डोकं काचेला लागलं. दुसऱ्या झटक्याला एक कोंबडी वाचली. मागं लोरेत्ता एकीकडे रडतेय आणि एकीकडे हसतेय, आरशात झेलिंदा हात हलवतेय, आणि हा दोन्ही हातांनी चाक धरून, डोळे ताणून, गोगलगायीसारखी गाडी नेतोय. वळण आलं, बाई दिसेनाशी झाली, तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

काचेवर पाणी साचत होतं. लेआर्कोचे हात अजून चाकावरच. तो रडत नव्हता, रडला असता तर मला कळलं असतं काय करायचं ते. मग लोरेत्तानं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "बाबा, आपण दर वर्षी येत जाऊ इथं. मे महिन्यात. आईसाठी."

तो नको म्हणाला. इतकं ठाम मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मग दार उघडून खाली उतरला, पावसात उभा राहिला, मला चाकावर बसायची खूण केली. टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला,

"सगळ्या मुलखात तिनं एक जागा शोधली होती, जिथं मी नव्हतो. आज तिथंही येऊन जेवलो."