काकूच्या मयतीचा अर्ज

तुम्ही हसान, पण आमची काकू मतदार यादीत मेली होती. तिले सरपंचासाठी उभं राहायचं होतं, प्रचार माझ्याकडे, आन् यादीत नाव नाही त उमेदवारीचा फॉर्मच भरता येत नाही. म्हणून तिले घेऊन ऑफिसात गेलो.

"जिवंत बाईचं नाव कोणं कटवलं? अर्ज दाखवा, आमचा हक्क आहे," मी बाबूले म्हटलं.

बाबूनं अर्ज काढला. कारण: मृत्यू. अर्जदार: काकू स्वतः. खाली अंगठा.

"कोणं तरी खोटा मारला," मी म्हटलं.

काकूनं आपला अंगठा बाजूले धरला. विळा लागल्याची आडवी खूण दोन्हीकडे तशीच.

"माझाच आहे बापा. पण मी त लावला नाही."

बाबूनं अर्ज डोळ्याजवळ नेला. मंग हळूच म्हणे, "बाई, याच्यावरची तारीख अजून यायचीच आहे."

मी अर्ज ओढून तारीख दोनदा वाचली. काकू भिंतीवरचं कॅलेंडर पाहून राहिली होती.

"मतदान कधी आहे?"

"या तारखेच्या चार दिवस आधी," बाबू म्हणे.

"मंग कायले घाबरून राहिले? नाव चढवा." आन् माझ्याकडे वळून म्हणे, "तू प्रचार जोरात कर. हारून मराले मले जमत नाही."