कंपायलरची कुरकुर

तर मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या! मनातल्या मनात द्या, शेजारच्याला ऐकू जायला नको. प्रत्येकाच्या घरात एक माणूस असतो. सासू असेल, सून असेल, धाकटा भाऊ असेल, पण सारखा टोकतो! "हे असं का ठेवलं? ते तसं का केलं?" त्याचं काय करायचं? ऐकायचं, की गप्प बसवायचं?

हसलात! म्हणजे डोळ्यांपुढे चेहरा आला! आणि काही जणांनी तर सरळ शेजारीच बघितलं!

राहू द्या. उत्तर मी देत नाही, मिरजेची सुनीती तगारे देईल. ऐका!

सुनीती इंजिनिअर. मिरजेच्या एमआयडीसीत आरवाडे शेठांचा कारखाना, तिथे नोकरीला. आणि तिथे बनतात पेट्या! अहो नाना, तुम्ही कशाला सरसावलात? वाजवायच्या पेट्या नव्हेत! काचेच्या! दिवस भरायच्या आत जन्मलेलं तळहाताएवढं लेकरू ज्या उबेत ठेवतात ना, ती पेटी.

आता त्या पेटीत ऊब कमी-जास्त कोण करतं? आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच्यात असते ऑपरेटिंग सिस्टीम. घाबरू नका! ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरातली कर्ती बाई. गॅसवर काय ठेवलंय, पाण्याची मोटर कधी लावायची, दारात कोण आलंय, सगळ्यांवर एकटीची नजर! ही सिस्टीम लिहिली होती हुपरीकर सरांनी. सुनीतीचे गुरू! हाताला धरून शिकवलं होतं तिला. सर निवृत्त होऊन सांगलीत राहिले, पण त्यांची सिस्टीम पंधरा वर्षं चालली. एक तक्रार नाही!

आणि मग जुनी चिप बाजारातून बंद झाली. नवी चिप आली, आणि तिच्याबरोबर आला नवा कंपायलर. हा कोण? हा दुभाषा! माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. जुना दुभाषा भिडस्त होता. चुकलं तरी बोलायचा नाही, मुकाट उतरवायचा. नवा मात्र फटकळ! सुनीतीनं सरांचं लिखाण त्याच्यापुढे ठेवलं आणि गडी सुरूच झाला. "इथे एकच नाव दोघांना दिलंय! इथे माप जुळत नाही! इथे उत्तर द्यायचं राहिलंय!" स्क्रीनभर कुरकुर! आणि शेवटी? "सिस्टीम बांधून देणार नाही!" म्हणतो!

तेवढ्यात आरवाडे शेठ दारात.

"सुनीतीताई, झालं का?"

"नाही शेठ. कंपायलर शंका काढतोय."

"पंधरा वर्षं चाललेल्या मालाला हा कोण शंका काढणार? अहो, दवाखान्यातनं सारखे फोन येताहेत. त्यांची पेटी बंद पडलीय. लेकरं कोल्हापूरला पाठवाय लागलेत बिचारे! काय करायचं ते करा, पण पेटी द्या!"

खोटं नव्हतं हो. घाई पैशाची नव्हती, लेकरांची होती.

आता मंडळी, कंपायलरला गप्प करायची सोय असते. एक शब्द लिहायचा, की त्याच्या सूचना बंद, आणि सिस्टीम मुकाट बांधून देतो! अशी सोय आपल्याकडे असती तर... बघा, पुढच्या रांगेतले काका लगेच सावरून बसले!

सुनीतीला कळत होतं, हे बरं नव्हे. पण लिखाण सरांचं! ज्यांनी आपल्याला गिरवायला शिकवलं, त्यांच्याच अक्षराखाली लाल रेघ ओढायची? हात धजेना. तिनं मनाशी म्हटलं, "सरांचं चुकणार नाही," आणि लिहिला तो शब्द.

कंपायलर गप्प! सिस्टीम तयार! पेटी सुरू झाली, स्क्रीनवर आकडा झळकला, छत्तीस पूर्णांक पाच. शेठ खूश. "बघा, उगंच घोर लावून घेतला होता!" म्हणाले आणि टेम्पो सांगायला गेले.

दुपारी सुनीती पेटीत चादर सारखी करत होती. चाचणीसाठी आत लेकराच्या जागी पाण्याची पिशवी ठेवलेली, आणि तापमान सांगणारी तार तिला लावलेली. चादर ओढताना तार खाचेतून निखळली. हिच्या ध्यानातही आलं नाही. बाहेर जाऊन चहा घेऊन आली, पिशवी उचलायला आत हात घातला, आणि आई गं! हात मागे!

पेटी तापलेली! हीटर धगधगतोय! आणि स्क्रीन काय म्हणतो? छत्तीस पूर्णांक पाच! सगळं ठीक! तार निघाली की भोंगा वाजायला हवा, तो मुका!

आज तिथे पाण्याची पिशवी होती, मंडळी. उद्या तिथे कोण असणार होतं?

सुनीती पुढे झाली, पेटीची वायर काढली, आणि कंपायलरवरचं बंधन उठवलं. "बोल बाबा, काय म्हणत होतास?" एकेक ओळ वाचत गेली, आणि सापडली! "इथे उत्तर द्यायचं राहिलंय." सरांनी लिहिलं होतं, तार आकडा देत असेल तर तो सांग. आणि तार निघालीच तर? पुढे कोरं! जुन्या कंपायलरच्या मांडणीत त्या कोऱ्या जागी योगायोगानं शून्य यायचं, आणि शून्य दिसलं की भोंगा वाजायचा. म्हणून कुणाला शंका आली नाही. पंधरा वर्षं दैवानं सांभाळलं! नव्याच्या मांडणीत तिथे मागचाच आकडा पडून राहत होता, आणि ऊब वाढलीय हे न कळल्यानं हीटर चालूच राहत होता.

"शेठ, पेटी जाणार नाही!"

"अहो, टेम्पो दारात आहे!"

"असू द्या. आत हात घालून बघा."

शेठनी हात घातला. काढला. टेम्पोवाल्याला हातानंच 'थांब' म्हणाले.

सुनीती तडक सांगलीला, सरांच्या घरी. सरांनी ऐकलं आणि भडकले! "तू मला शिकवणार? माझी सिस्टीम पंधरा वर्षांची, आणि तो कंपायलर कालचा!"

तिचे डोळे भरले. म्हणाली, "सर, चुकलं माझं. त्यानं सांगितलं होतं. मीच त्याचं तोंड दाबलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

सर एकदम थांबले. "मला वाईट वाटेल म्हणून?" खुर्चीत बसले. मग म्हणाले, "अगं वेडे, मला वाईट वाटलं असतं ते संध्याकाळपर्यंत! लेकराला काही झालं असतं, तर जन्मभर! चल, चपला घाल."

कारखान्यात दोघं शेजारी बसले. "वाच. सगळं वाच. मोठ्यानं!" ती वाचते, सर दुरुस्त सांगतात. काही शंका क्षुल्लक निघाल्या, सर हसले. काही खऱ्या निघाल्या, सरांनी कान पकडले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची ओळ झाली. सिस्टीम पुन्हा बांधायला घातली, सूचना सगळ्या सुरू ठेवून. आणि कंपायलर गप्प! आपणहून! मंडळी, तोंड दाबलं म्हणून गप्प निराळं, आणि बोलायला काही उरलं नाही म्हणून गप्प निराळं!

पण भरवसा शब्दावर कशाला? सर स्वतः उठले, पेटीत हात घातला आणि ती तार उपटली.

भोंगा! असा कर्कश, की शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली. आणि बघतात तर काय? इकडे भोंगा बोंबलतोय आणि ही तिघं हसताहेत! शेठ टाळ्या पिटताहेत, सर चष्मा पुसताहेत, आणि सुनीतीनं आत हात ठेवलाय, अलगद. हीटर बंद. पेटी निवत चाललेली. तिनं सोडलेला तो सुस्कारा भोंग्यातही ऐकू आला म्हणतात!

पेटी दवाखान्यात पोचली. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "आमची छोटी आत झोपलीय. घोरतेय चक्क!"

तर मंडळी, तुमचं काय? तुम्हीही कुणाला तरी गप्प बसवलंय. कुणाचा मान राखायला, कुणाचं मन राखायला, नाहीतर नुसती घाई म्हणून. आज घरी गेलात की त्याच्यापाशी बसा आणि विचारा, "त्या दिवशी तू काय सांगत होतास?" आणि तो बोलेपर्यंत, कृपा करून, आपण गप्प!

चला, उचला टाळ. नाना, आता तुमची पेटी! म्हणा, विठ्ठल, विठ्ठल!