बुडाशी खणा

मारादी भागातल्या एका गावच्या गिरणीपुढं डेलू बाजरीची पाटी घेऊन उभी होती. तिच्या पुढच्याच गाम्बोला गाठायला रानमालक हाजी सालेय थेट बायकांच्या रांगेत आले, तेव्हा सगळ्यांचे कान तिकडंच लागले.

"गाम्बो, माझं रान रिकामं कर."

"का हो हाजी? आमचं चुकलं काय?"

"कसायला घेतलेल्या रानात झाड लावायचं नाही, हा गावचा रिवाज. झाड लावणारा उद्या मालक म्हणून बसतो. तुम्ही बायकांनी तर रान भरून लावलीत!"

"एकही लावलं नाही."

"मग काय आभाळातून पडली?"

"जमिनीतच होती. तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांना दरसाल फुटवे यायचे, दरसाल तुमच्या घरची कुऱ्हाड ते छाटायची. आम्ही फक्त छाटायचं सोडलं."

"थापा मारू नकोस. सात वर्षांपूर्वी तिथं नुसती वाळू उडत होती."

"म्हणून तर आम्हाला दिलंत. 'जा, डोकी आपटा तिथं,' म्हणालात. आता झाडांनी वाळू धरली, बाजरी डोक्याच्या वर गेली, तेव्हा रान आठवलं होय?"

"जीभ आवर. पंचांपुढं उभी करीन."

"कराच. येताना कुदळ आणा. वाटेल ते झाड निवडा आणि बुडाशी खणा. मूळ कोवळं निघालं, तर मी लावलं. त्याच दिवशी रान सोडते."

"आणि जुनं निघालं तर?"

"तर बुडख्यावरचे कुऱ्हाडीचे घाव पंचांना दाखवा, हाजी. आणि सांगा, हे रान मारलं कुणी होतं."

हाजी इकडंतिकडं बघू लागले.

"कुदळ माझ्या घरी आहे," डेलू म्हणाली. "आणू?"