फुकटचं हॅम

डिसेंबरात, मनिलात जीपनीच्या, म्हणजे तिथल्या शेअर जीपच्या, रांगेत माझ्यापुढे दोघं उभी होती.

"लिगायाताई, कॉल सेंटर सोडून तुझ्यासारखा सायबर सुरक्षेत येऊ का? अजून वाव आहे ना?"

"वाव? जोमार, मला आज काढलं!"

"काय केलंस तू?"

"माझं काम केलं! कोण फसतं ते बघायला सगळ्यांना खोटा मेल पाठवला. 'कंपनीकडून नाताळचं हॅम फुकट, पासवर्ड टाका.'"

"कोण फसलं?"

"एकटे साहेब! तीनदा टाकला मेल्यानं पासवर्ड!"

"मग तुला का काढलं?"

"म्हणे, चारचौघांत माझं हसं केलंस. शाळेतली नोकरी सोडून आले होते रे मी यात!"

"म्हणजे येऊ नको?"

"ये की! माझी जागा रिकामी आहे, आणि त्यानं पासवर्ड अजून बदललेला नाही."